आठ नंबरचा नेलॅटन कॅथेटर : कण्याच्या जन्मदोषावर उशिरा ऑपरेशन झालेल्या मुलांसाठी

कमरेखाली केसांचा झुपका किंवा चरबीची गाठ, पण वरची कातडी शाबूत. मूल चालतं-पळतं म्हणून तपासणी राहून जाते. मग सहा-सात वर्षांचं झालं की चड्डी सतत ओली, एक पाऊल वाकडं, वरचेवर ताप, आणि एमआरआयमध्ये मज्जारज्जू खाली चिकटलेला. इतक्या उशिरा तो मोकळा केला तर पाठदुखी बहुधा थांबते, पायाची ताकदही काहींची सुधारते. मूत्राशयाची मात्र खात्री देता येत नाही. पुढे अनेकांच्या किडन्या जपते ती ही पीव्हीसी प्लास्टिकची साधी नळी, नेलॅटन कॅथेटर : दिवसातून अनेकदा लघवीच्या वाटेने मूत्राशयात घालायची, साचलेली लघवी काढायची आणि नळी बाहेर घ्यायची.

ठाण्यातल्या केमिस्टकडे मोठ्यांचे १४, १६ नंबर चटकन मिळतात. मुलांचा ८ नंबर सर्जिकल दुकानात आधी सांगून ठेवावा. बाहेर राहणारं टोक निळं म्हणजे ८, काळं म्हणजे १०. आठची जाडी सुमारे २.७ मिलिमीटर. ८ नाही म्हणून त्याच नंबरची फीडिंग ट्यूब हातात ठेवली तर सावध राहा. ती लांब आणि मऊ असते. जास्त आत गेली तर मूत्राशयात वेटोळं होऊन गाठ बसू शकते. कोणतीही नळी असो, लघवी सुरू झाली की आणखी एक-दोन सेंटिमीटर सरकवायची, बस्स.

या नळीची जमेची मोठी बाजू म्हणजे पीव्हीसीत लेटेक्स नसतं. वारंवार ऑपरेशनं झालेल्या या मुलांना लेटेक्सची ॲलर्जी होण्याचा धोका बराच असतो, म्हणून लाल रबरी कॅथेटर कितीही मऊ वाटला तरी नको. हातमोजे आणि वाढदिवसाचे फुगेसुद्धा त्याच यादीत.

उणी बाजू आत जाणाऱ्या टोकाजवळच्या भोकांची. स्वस्त मालात त्यांच्या कडा खरखरीत निघतात आणि रक्त येतं. नळी उजेडात धरून पाहा. कड धारदार दिसली तर ती वापरू नका. मुलग्यांना नळीवर लावायची जेली भरपूर लागते. वारंवार जखम होत असेल तर पाण्याने बुळबुळीत होणारी महागडी नळी घेणं योग्य.

पाकिटावर एकदाच वापरण्याची खूण असते. दिवसाला पाच-सहा म्हणजे महिन्याला दीडशेच्या वर, आणि खर्चामुळे पुष्कळ घरांत नळी धुऊन वापरतात. हे डॉक्टरांपासून लपवू नका. साबणाने धुवा, आतून पाणी सोडा, झटका, पूर्ण वाळवा. पावसाळ्यात ओली नळी प्लास्टिकच्या पिशवीत कोंबणं सगळ्यात वाईट. पांढुरकी किंवा कडक झाली की टाका.

नळीच्या ब्रँडपेक्षा वेळ पाळणं आम्ही महत्त्वाचं मानतो : दर तीन-चार तासांनी नळी घालून मूत्राशय रिकामं करायची एक फेरी. वय गुणिले ३० अधिक ३०, इतके मिलिलिटर ही मूत्राशयाची अंदाजे क्षमता. सात वर्षांच्या मुलाला २४०. मापात रोज त्याहून जास्त भरत असेल तर फेऱ्या वाढवा, आणि शाळेच्या मधल्या सुट्टीतली फेरी कधीच चुकवू नका. धार थांबल्यावर नळी हळू मागे घ्या. पुन्हा आली तर तिथेच थांबा. आत उरलेल्या लघवीतच जंतू वाढतात.

फेऱ्यांमध्येही चड्डी ओली राहत असेल तर दोष नळीचा धरू नका, मूत्राशयातला दाब मोजायची युरोडायनॅमिक तपासणी करून घ्या. दाब ४० सेंटिमीटर पाण्याच्या वर राहिला तर किडनीला धोका असतो. नळी अडली तर जोर नको. मुलाला दोन खोल श्वास घेऊ द्या, अंग सैल पडलं की पुन्हा सरकवा. तरीही जात नसेल किंवा रक्त दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.