एक लाख अठरा हजारांची ट्रॉफी

आधीच सांगतो, मी अडाणी नाही. शिरोली एमआयडीसीत एकोणीस वर्षं मशीन शॉप चालवतोय, हाताखाली अकरा माणसं आहेत. केवायसीवाले, ओटीपीवाले, 'तुमच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलेत' म्हणणारे, सगळ्यांचे फोन मी आपटलेत. पण ह्या पुरस्कार विकणाऱ्यांनी ओटीपी मागितलाच नाही. त्यांनी माझं कौतुक केलं. एकोणीस वर्षांत पर्चेसवाल्यांनी फक्त रेट पाडून मागितले, कौतुक कुणी केलं नव्हतं.

नोव्हेंबर २०२४ मध्ये एका बाईंचा फोन आला. तुमचं युनिट 'महाराष्ट्रातील सर्वोत्कृष्ट सूक्ष्म अभियांत्रिकी उद्योग' ह्या पुरस्कारासाठी नामांकित झालंय, नोंदणी फक्त ४,७२० रुपये, जीएसटीसह. कुणी नामांकित केलं हे मी विचारलं नाही. आपलं नाव कुणीतरी सुचवलं असणारच, असं प्रत्येकाला वाटतं. मलाही वाटलं.

अर्ज मी स्वतः लिहिला, तीन रात्री बसून. हब ह्या आमच्या पार्टचं रिजेक्शन ६.२ टक्क्यांवरून २.१ वर कसं आणलं, फिक्स्चर (पार्ट पकडून ठेवायची चौकट) बदलून सेटअपचा वेळ ५५ मिनिटांवरून १८ वर कसा आला, कोणत्या ऑपरेटरची कल्पना होती, सगळं. तीन वर्षांचे ताळेबंद जोडले, रिजेक्शन रजिस्टरची पानं जोडली. पाच पानं झाली. आजही वाचली तर लाज वाटत नाही.

बाई म्हणाल्या, "सर, कंटेंट छान आहे, पण जूरीला आकडे बोअर होतात. आमचे एक्सपर्ट डॉसिअर करून देतील." डॉसिअर म्हणजे सजवलेला अर्ज. १५,००० अधिक जीएसटी, म्हणजे १७,७००. भरले. परत आलं ते बघून मी चक्रावलो. दोन्ही टक्के गायब, ऑपरेटरचं नाव गायब. त्या जागी मी 'द्रष्टे नेतृत्व' आणि 'उत्कृष्टतेचा ध्यास'. खाली रजिस्टरऐवजी माझा कोटातला फोटो. खरा परीक्षक आकडा आणि त्याचा पुरावा शोधतो, एवढं तर आमच्या कस्टमरच्या ऑडिटमध्ये मी दर वर्षी बघतो. जो सल्लागार अर्जातले आकडे काढायला सांगतो, त्याला तिथेच नमस्कार करा.

आता ज्या क्षणासाठी मी स्वतःला रोज शिव्या घालतो तो. ते डॉसिअर मला माझ्याच मेलवरून पाठवायचं होतं. रात्री सव्वा अकराला पाठवलं आणि झोपलो. दुसऱ्या दिवशी साडेदहाला फोन. "अभिनंदन सर! जूरी तुमची एन्ट्री वाचून भारावून गेली. शंभरपैकी चौऱ्याण्णव! तुम्ही विनर आहात." मी शॉपमध्ये १,२६० रुपयांचे पेढे वाटले. आईला फोन केला. दुपारी कशासाठी तरी तो मेल उघडला, तर अटॅचमेंटमध्ये डॉसिअर नव्हतंच. स्क्रू कॉम्प्रेसरचं कोटेशन होतं! दोन्ही फायलींच्या नावात 'फायनल' होतं, चुकीची गेली.

म्हणजे जूरी कॉम्प्रेसरचं कोटेशन वाचून भारावली होती.

मी फोन केला. बाई एक क्षणही अडखळल्या नाहीत. "सर, जूरी ओव्हरऑल प्रोफाइल बघते, फाइल नंतर पाठवली तरी चालेल." आणि मी मान डोलावली! का? कारण पेढे वाटून झाले होते. आईने चुलत्यांना सांगितलं होतं. शॉपमधली पोरं मला 'अवॉर्डवाले' म्हणायला लागली होती. तुम्ही माझ्या जागी असता तर पोरांना गोळा करून काय सांगितलं असतं? बोलणं सोपं आहे.

मग विनर पॅकेज: ७५,००० अधिक जीएसटी, ८८,५००. त्यात मंचावर केंद्रीय मंत्र्यांच्या हस्ते सत्कार, मासिकात दोन पानी मुलाखत, तीन मोठ्या खरेदीदारांशी बैठक. सौ. आणि मुलीचे पास वेगळे, ३,५४० चे दोन, ७,०८०. सगळं मिळून १,१८,०००. बरोबर एक लाख आणि वर १८ टक्के. बहुधा आधी आकडा ठरवून मग त्याचे तुकडे केले असावेत. मुंबईपर्यंत गाडी ११,५०० आणि कोट ८,२००, ते माझ्या हौसेचे, म्हणून त्यात धरत नाही.

जानेवारीत विमानतळाजवळच्या हॉटेलात सोहळा झाला. मंत्री आलेच नाहीत. जुन्या मालिकेतला एक नट होता, तोही सारखा घड्याळ बघत होता. माझाच, त्याच नावाचा आणि त्याच गटातला 'सर्वोत्कृष्ट' पुरस्कार आणखी दोघांना मिळाला. त्यातला एक इचलकरंजीचा. हात धुताना आम्ही एकमेकांच्या ट्रॉफ्या बघितल्या आणि दोघंही गप्प बसलो. सौ. गाडीत एवढंच म्हणाली, "कोट लग्नाकार्यात वापरता येईल."

फेब्रुवारीपासून फोन बंद. मुलाखत नाही, खरेदीदार नाहीत. बिलं मी अकाउंटंटला मार्चमध्ये दाखवली, कारण आधी दाखवायची लाज वाटत होती. त्याने एक मिनिट बघितलं. बिलावरचा जीएसटी नंबर ०७ ने सुरू, म्हणजे दिल्लीची नोंदणी, आणि बिलात सीजीएसटी-एसजीएसटी, म्हणजे एकाच राज्यातल्या व्यवहाराचा कर, ९-९ टक्के! दिल्लीवाल्याने महाराष्ट्रात बिल दिलं तर आयजीएसटी लागतो. जीएसटी पोर्टलवर नंबर टाकला तर नोंदणी रद्द. माझ्या २बी मध्ये, म्हणजे विक्रेत्यांनी दाखवलेल्या बिलांच्या पोर्टलवरच्या यादीत, यातलं एकही बिल नाही, म्हणजे १८,००० चं क्रेडिट, भरलेल्या कराची वजावट, तीही गेली. नंबर तपासायला फुकट आहे, लॉगिनही लागत नाही. पैसे देण्याआधी तपासा, माझ्यासारखं नंतर नको.

तक्रारीची कथा ह्याहून भारी. पोलीस ठाण्यात हवालदार साहेबांनी विचारलं, "पुरस्कार मिळाला ना?" मिळाला. "ट्रॉफी दिली ना?" दिली. "मग फसवणूक कुठली?" शेजारचे दोघं हसले. मी म्हटलं, खोटी जूरी, खोटं बिल, मंत्र्यांचं खोटं आमिष. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८, जुन्या ४२० च्या जागी आलेलं. "हा दिवाणी मामला आहे, वकील गाठा." सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, फोन केला, तर म्हणाले पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत आणि फार दिवस झालेत. हे मात्र खरं: १९३० चा खरा उपयोग पैसे खात्यात असेपर्यंतच, म्हणून फोन लगेच करायचा. सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवरची तक्रार सायबर शाखेकडे गेली, ते म्हणाले आर्थिक गुन्हे शाखा. तिथे सांगितलं, रक्कम लहान आहे, ठाण्यातच द्या. म्हणजे परत त्याच हवालदारांसमोर! एक लाख अठरा हजार कुणाला लहान? माझ्या दोन ऑपरेटरांचा तीन महिन्यांचा पगार होतो तो. बँकेने 'खातेदाराच्या संमतीने व्यवहार' असं एका ओळीचं पत्र दिलं. ग्राहक आयोगाचं विचारलं तर वकील म्हणाले, व्यावसायिक कारणासाठी घेतलेली सेवा ग्राहकाच्या व्याख्येत बसत नाही. स्वतः राबून पोट भरण्यापुरता धंदा असेल तर सवलत आहे, पण तुमच्याकडे अकरा कामगार. म्हणजे चार माणसांना काम दिलं हा गुन्हा. जीएसटी कार्यालयात बनावट बिलाची तक्रार द्यायला गेलो, तर पहिला प्रश्न, "तुम्ही क्रेडिट घेतलं का?" जणू मीच आरोपी.

आणि आमच्या असोसिएशनमधले एक ज्येष्ठ? "हो, मला पण फोन आला होता, मी नाही भरले." मग सांगायला काय झालं होतं?

शुल्क घेतलं म्हणजे पुरस्कार खोटा, असंही नाही. आयएमसी ह्या मुंबईच्या व्यापारी-उद्योजक संघटनेच्या रामकृष्ण बजाज राष्ट्रीय गुणवत्ता पुरस्कारालाही शुल्क असतं, पण तिथे परीक्षक कारखान्यात येतात, तुमचे आकडे उकरतात. जिंकल्याचं सांगून मग पॅकेज विकत नाहीत. जिल्हा उद्योग केंद्राच्या पुरस्कारात तर उलट उद्योजकाला रोख रक्कम मिळते. कागद वाचल्याचं दिसेल अशी एकही शंका न विचारता कुणी ९४ गुण दिले, तर आधी बघा आपण काय पाठवलंय.

इचलकरंजीवाल्यांना शोधून काढलं. त्यांचे १,१२,१०० गेलेत, पैसे त्याच खात्यात गेलेत. तिसरा सांगलीचा. आम्ही तिघं पुढच्या सोमवारी पोलीस अधीक्षक कार्यालयात एकत्र अर्ज देतोय. ज्यांच्याकडे ०७ ने सुरू होणारं, ९-९ टक्के लावलेलं असलं बिल असेल, त्यांनी लाज सोडून बाहेर काढावं. नाव नको, बिलाची प्रत आणि बँकेचा उतारा पुरे.