६४ जीबीच्या नोडवर हीप किती: ४८ की २६?

इलास्टिकसर्च या शोधप्रणालीच्या एका डेटा नोडला (डेटा साठवणाऱ्या सर्व्हरला) ६४ जीबी रॅम आहे. हीप (जावासाठी राखलेली मेमरी) आणि ऑपरेटिंग सिस्टिम यांच्यात तिची वाटणी दोन प्रकारे होते.

४८ जीबी हीप: इंडेक्सिंग बफर (नवा डेटा इंडेक्समध्ये घालताना वापरायची जागा) हीपच्या १० टक्के असतो, म्हणजे इथे ४.८ जीबी, आणि मोठ्या ॲग्रिगेशनलाही (गटवारी, सरासरी अशा हिशेबांना) जागा मिळते. पण साधारण ३२ जीबी ओलांडले की जावा पॉइंटर (मेमरीतले पत्ते) ४ ऐवजी ८ बाइटचे करते. वाढवलेल्या हीपचा बराच भाग त्यातच जातो. शिवाय ल्युसीन या आतल्या शोध-लायब्ररीच्या सेगमेंट फाइल (इंडेक्सचे तुकडे) ऑपरेटिंग सिस्टिमच्या पेज कॅशमधून (फाइली रॅममध्ये धरून ठेवणाऱ्या जागेतून) वाचल्या जातात आणि त्या कॅशला इथे जेमतेम १६ जीबी उरतात. मग डिस्कवरचे वाचन वाढते, शोध मंदावतो.

२६ जीबी हीप: पॉइंटर लहान राहतात, कॅशला ३५ जीबीहून जास्त मिळतात. बफर २.६ जीबीचा, बहुतेक कामांना पुरेसा. आमचा कौल स्पष्टपणे याच बाजूला. किमान आणि कमाल हीप सारखीच ठेवा, स्वॅप (रॅममधला डेटा डिस्कवर हलवणे) बंद करा, आणि सुरू होतानाच्या लॉगमध्ये कंप्रेस्ड (म्हणजे ४ बाइटच्या) पॉइंटरपुढे ‘ट्रू’ आहे ना, ते पाहा.

एवढ्यावरही सर्किट ब्रेकर (मेमरी संपण्याआधी विनंती थांबवणारी मर्यादा) उडत असेल तर हीप वाढवण्याआधी टेक्स्ट फील्डवरचा फील्डडेटा (फील्डमधले शब्द हीपमध्ये भरणारी सोय) बंद आहे का, ते तपासा. ॲग्रिगेशनसाठी कीवर्ड फील्ड (मजकूर शब्दांत न तोडता अखंड ठेवणारे) वापरा.

इंडेक्सिंगचा वेग मात्र हीपपेक्षा इतर सेटिंगवर जास्त अवलंबून असतो. पहिल्या मोठ्या भरणीपुरता रिफ्रेश इंटरव्हल (नवा डेटा शोधात किती वेळाने दिसावा ते) उणे १, म्हणजे बंद, आणि रेप्लिका (डेटाच्या जादा प्रती) ० करा. बल्क विनंती (अनेक नोंदी एकत्र पाठवणारी) ५ ते १५ एमबीची ठेवा. रेप्लिका ० असताना नोड पडला तर डेटा जातो, म्हणून मूळ प्रत हाताशी हवीच.