घरात वायफाय एनर्जी मीटर बसवावा का? बेळगावच्या लाईट बिलाच्या हिशेबाने

दोन क्लॅम्पचा (वायरभोवती बसून करंट मोजणाऱ्या चिमट्यांचा), वायफायवर चालणारा एनर्जी मीटर बेळगावातल्या घरात पावसाळा, हिवाळा आणि उन्हाळा असा तिन्ही ऋतूंत वापरून झाल्यावरचा हा अनुभव. निकाल आधीच सांगायचा तर, ज्या घराचे नाव कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या गृहज्योती योजनेत आहे आणि वापर महिन्याला १५० ते २२० युनिटांच्या मध्ये फिरतो, त्यांनी जरूर घ्यावा. ऐंशी-शंभर युनिटांत भागणाऱ्या घराला त्याची किंमत वसूल होणार नाही. चारशे युनिट जाळणाऱ्याने हे पैसे छपरावरच्या सोलरच्या खर्चात घालावेत.

एक घोटाळा आधी दूर करू. हेस्कॉम किंवा दुसरी कुठली वीज कंपनी बसवते तो स्मार्ट मीटर वेगळा. तो बिलाचा मीटर, त्यावर कंपनीचे सील आणि निवड आपली नाही. इथे बोलतोय ते त्याच्या पुढे, आपल्या हद्दीतल्या डीबीमध्ये, म्हणजे स्विचांच्या वाटप पेटीत, बसणाऱ्या डब्याबद्दल. तो बिल बदलत नाही. करंट कुठे जातोय एवढेच दाखवतो. साध्या दोन क्लॅम्पच्या मीटरला दोन ते चार हजार रुपये, वायरमनचे वेगळे.

आता पैशाचे गणित. गृहज्योतीत २०२२-२३ सालच्या सरासरी वापरावर दहा टक्के जास्त धरून बहुतेक घरांची मोफत युनिटे ठरली. त्या हद्दीत बिल शून्य. हद्द ओलांडली पण २०० च्या आत राहिलात, तर वरच्या युनिटांचे पैसे. २०० ओलांडले की त्या महिन्याचे अख्खे बिल अंगावर. समजा सरासरी १५० होती, म्हणजे हद्द १६५. या महिन्यात १९० जळाली तर वरच्या २५ युनिटांचे दीडशे-पावणेदोनशे रुपये. २०५ जळाली तर? २०२५-२६ च्या दराने युनिटला ५ रुपये ८० पैसे, पेन्शन-ग्रॅच्युइटीचे ३६ पैसे, वीजदरावर ९ टक्के कर, आणि ३ किलोवॅट मंजूर भारावर किलोवॅटला १४५ प्रमाणे ४३५ रुपये स्थिर आकार. सगळे धरून साधारण १,८०० रुपये. इंधन समायोजन दर महिन्याला बदलते, ते यात नाही. म्हणजे पंधरा युनिटांच्या फरकाला सोळाशे रुपये. वर्षातून असे दोन महिने जरी वाचले तरी डब्याचे पैसे सुटले.

मात्र ॲप दाखवते तो महिना १ तारखेपासूनचा, आणि हेस्कॉमचा महिना रीडिंगपासून रीडिंगपर्यंतचा. रीडिंग १२ तारखेला होत असेल तर ॲपमधला ३१ तारखेचा आकडा काही कामाचा नाही. ज्या ॲपमध्ये बिलाची तारीख बदलता येते तेच घ्या. नसेल तर बिलावरचे मागचे रीडिंग आणि बोर्डावरच्या मीटरचे आजचे रीडिंग यांची वजाबाकी करा आणि ॲपचा उपयोग रोजच्या वेगासाठी करा. १८ दिवसांत १३० झाली असतील तर रोज सव्वासात युनिट जातायत. तीस दिवसांचे २१७ होतील, तेव्हा उरलेल्या बारा दिवसांत रोज साडेपाचच्या वर जायचे नाही.

बसवताना

बाजारात दोन प्रकार मिळतात. एकात घराचा सगळा करंट मीटरच्या टर्मिनलमधून आणि आतल्या रिलेतून (विजेने उघड-बंद होणाऱ्या स्विचमधून) जातो. मोबाईलवरून घर बंद-चालू करण्याची सोय म्हणून तो खपतो, पण स्क्रू नीट आवळला गेला नाही तर टर्मिनल तापते, आणि रिले अडकली तर अख्खे घर अंधारात. दुसऱ्यात वायरभोवती क्लॅम्प बसतो, म्हणजे सीटी (करंट ट्रान्सफॉर्मर). वायर कापावी लागत नाही, डबा बिघडला तरी लाईट चालू राहते. दुसराच घ्या.

मीटर बोर्डावरच्या सील केलेल्या भागाला, कटआऊटला (कंपनीच्या फ्यूजला) किंवा मीटरच्या आधीच्या वायरीला हात लावू नका. सील तोडलेले दिसले तर प्रकरण वीजचोरीच्या कलमाखाली जाऊ शकते. काम मीटरनंतरच्या मेन स्विचच्या पुढे करायचे. डबल पोल मेन बंद करा, टेस्टरने फेज आणि न्यूट्रल दोन्ही तपासा, घरात इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करा. हे राहून जाते, आणि मेन बंद असूनही इन्व्हर्टरच्या लाईनीला करंट असतो. मीटरला लागणारे व्होल्टेज ६ अँपिअरच्या वेगळ्या एमसीबीतून (जास्त करंट गेला की आपोआप पडणाऱ्या स्विचमधून) घ्या. क्लॅम्प फक्त फेजच्या वायरीवर. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकाच क्लॅम्पमध्ये गेल्या तर आकडा शून्य येतो, कारण दोन्हीकडचे चुंबकत्व एकमेकांना मारते. क्लॅम्पवरचा बाण घराच्या दिशेने, जबडा टक आवाज करून पूर्ण बंद. जबड्यात धूळ किंवा टेपचा तुकडा राहिला तरी आकडा घसरतो.

इन्व्हर्टरवाल्या घरात पहिला क्लॅम्प मेनच्या लगेच पुढे, इन्व्हर्टरच्या आधी लावा. इन्व्हर्टरच्या पुढच्या लाईनीवर लावला तर लाईट गेल्यावर बॅटरीवर चाललेला वापरही मोजला जातो आणि बिलाशी ताळमेळ बसत नाही. दुसरा क्लॅम्प थेट गिझरच्या लाईनीवर. थ्री फेज घर असेल तर तीन क्लॅम्पचा मीटर लागतो, आणि ज्या फेजचा क्लॅम्प त्याच फेजचे व्होल्टेज जोडावे लागते. अदलाबदल झाली की गिझरसारख्या लोडचा आकडा निम्मा आणि उणे दिसतो. उणे आकडा दिसला की वायरमन बाण उलटा करून मोकळा होतो, चिन्ह सुधारते आणि निम्मा आकडा तसाच राहतो.

आकडा खरा की खोटा

बोर्डावरच्या मीटरवर लुकलुकणारा लाल दिवा असतो आणि शेजारी युनिटला किती पल्स ते लिहिलेले असते. सिंगल फेजला बहुधा ३२००. घरातले सगळे बंद करून फक्त गिझर लावा, एका मिनिटात दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोबाईलवर चित्रित करून मोजा. ३२०० च्या मीटरला सूत्र सोपे: ११२५ गुणिले पल्स, भागिले सेकंद, म्हणजे वॅट. मिनिटात १०० पल्स आले तर १,८७५ वॅट. हा आकडा ॲपशी ताडून बघा. दोन-तीन टक्क्यांचा फरक चालतो. गिझरवर छापलेल्या आकड्याशी मात्र ताडू नका. २,००० वॅटचा गिझर २१५ व्होल्टला साडेसतराशेच्या आसपासच घेतो. खरे तर चार दिवस ही पल्स मोजायची खटपट केली तर डबा न घेताही घरातल्या वीज खाणाऱ्या मोठ्या चोरांची नावे कळतात.

लहान लोडला क्लॅम्प कच्चा पडतो. ८० किंवा १०० अँपिअरच्या क्लॅम्पला मोबाईल चार्जर कळत नाही, आणि काहीच चालू नसताना पाच-दहा वॅट दाखवणे हा त्याचा स्वभाव. ३ किलोवॅटच्या घराला मिळाला तर ५० अँपिअरचा घ्या. जो स्वस्त डबा व्होल्टेज न मोजता २३० धरून चालतो तो तर घेऊच नका. पाण्याच्या मोटरला तो दीडपट आकडा दाखवेल, कारण पॉवर फॅक्टर (व्होल्ट गुणिले अँपिअरपैकी खरी वीज किती, ते प्रमाण) त्याला माहीत नसतो.

ॲप आणि बोर्ड यांत दहा-पंधरा टक्क्यांचा फरक पडत असेल तर डब्याला दोष देण्याआधी न्यूट्रल तपासा. आजकालचे इलेक्ट्रॉनिक मीटर फेज आणि न्यूट्रल दोन्हींतला करंट मोजतात आणि जो जास्त त्यावर युनिटे धरतात. वडगाव-शहापूरच्या जुन्या घरांत किंवा वर भाडेकरू ठेवलेल्या माडीच्या घरांत दोन जोडण्यांची न्यूट्रल कुठेतरी एकत्र झालेली असते. मग वरच्याच्या वापराचा काही करंट खालच्याच्या न्यूट्रलमधून परततो आणि खालच्याचा मीटर जास्त पळतो. हातातल्या क्लॅम्प मीटरने फेज आणि न्यूट्रल वेगवेगळे मोजले की पाच मिनिटांत कळते. दोन्ही आकडे सारखे यायला हवेत. फरक येत असेल तर न्यूट्रल मिसळलेली आहे किंवा कुठेतरी अर्थिंगला गळती आहे.

काय सापडते

बेळगावची हवा मुंबई-सोलापूरसारखी नाही. इथे एसीपेक्षा गरम पाणी महाग पडते. १८ लिटरची एक बादली २० अंशांवरून ४० वर न्यायला ०.४२ युनिट लागते, त्यात कसर नाही. पाच माणसांचे घर म्हणजे रोज २.१, महिन्याला ६३ युनिट, आणि टाकीतून होणारा उष्णतेचा तोटा वेगळा. २०० च्या हद्दीतला तिसरा हिस्सा न्हाणीघरातच गेला. गिझर सकाळभर चालू ठेवण्याऐवजी पहिल्या आंघोळीच्या वीस-पंचवीस मिनिटे आधी लावणे आणि शेवटच्या बादलीआधी बंद करणे, यात कितीचा फरक पडतो ते दुसरा क्लॅम्प आठवडाभरात दाखवतो.

त्याहून मोठा चोर छपरावर असतो. सोलर वॉटर हीटरच्या टाकीत इलेक्ट्रिक कॉईल बसवलेली असते. जून ते सप्टेंबर ऊन नसते, कोणीतरी कॉईलचा स्विच चालू करतो आणि तो तसाच राहतो. २०० लिटर पाणी ३० अंशांनी तापवायला सात युनिट जातात. आंघोळीला लागणार त्यातले शंभर लिटर, बाकीचे रात्री थंड होऊन सकाळी पुन्हा तापणार. पावसाळ्यात ज्यांचे बिल अचानक उडी मारते त्यांनी आधी हा स्विच बघावा. टायमर बसवून कॉईल पहाटे पाऊण तासच चालू ठेवली तरी निम्म्याहून जास्त वाचते.

मग रात्रीचा तळ. पहाटे दोन ते चार या वेळेतला सर्वांत खालचा आकडा वहीत लिहून ठेवा. १०० वॅट सतत म्हणजे महिन्याला ७२ युनिट. फ्रिजचा कॉम्प्रेसर बंद असतानाच्या क्षणी सेट टॉप बॉक्स, राऊटर, इन्व्हर्टर, आरओ मिळून चाळीस-पन्नासच्या वर आकडा असेल तर एकेक एमसीबी पाडून शोधा. खानापूरकडे पावसात तासनतास लाईट जाते, तिथे इन्व्हर्टर हा लपलेला खर्च आहे. उतरलेली १५० एएच बॅटरी भरायला जवळपास दोन युनिट लागतात.

मोटरचा आलेखही वाचता येतो. नळाला पाणी येण्याच्या दिवशी जमिनीखालच्या संपातून वरची टाकी भरायला मोटर नेहमी वीस मिनिटे घेते आणि आता पस्तीस घेत असेल, तर फूट व्हॉल्व्ह गळतोय किंवा इंपेलर झिजलाय. वॅट नेहमीपेक्षा बरेच खाली आले असतील तर मोटर कोरडी फिरतेय. लगेच बंद करा, सील जळते.

त्रास कुठे होतो

या डब्यांचे वायफाय बहुधा फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालते. राऊटर दोन्ही बँड एकाच नावाने देत असेल तर अनेकदा जोडणी होत नाही, थोडा वेळ ५ गिगाहर्ट्झ बंद करून जोडा. डीबी ओसरीत आणि राऊटर माजघरात, मध्ये चिऱ्याची दीड फुटी भिंत असली की सिग्नल मरतो, जवळ एक रिपीटर लावावा लागतो. लाईट गेल्यावर डबाही बंद. युनिटांची बेरीज आत साठलेली राहते, पण राऊटर नंतर चालू झाला तर तासातासाच्या आलेखात खळगा आणि मग एकदम उंच खांब दिसतो. घाबरू नका, बेरीज बरोबरच असते.

पावसाळी विजेत हे डबे जळतात. अनेकांची सहनशक्ती २६० व्होल्टपर्यंतच असते आणि खांबावरची न्यूट्रल तुटली की घरात तीनशेच्या वर व्होल्टेज येऊ शकते. डीबीत सर्ज प्रोटेक्टर (विजेचा अचानक झटका अडवणारा) आणि ओव्हर-अंडर व्होल्टेज कटऑफ बसवा. ते मीटरपेक्षा महत्त्वाचे आहेत, कारण टीव्ही-फ्रिजही त्याच लाईनीवर आहेत. याउलट कमी व्होल्टेजची तक्रार करताना डब्याची नोंद उपयोगी पडते. २३० ला सहा टक्के कमी-जास्त, म्हणजे सुमारे २१६ ते २४४ ही मर्यादा. रोज संध्याकाळी सात ते नऊ १९० दिसत असेल तर १९१२ वर तक्रार नोंदवताना आरआर नंबरासोबत (बिलावरच्या जोडणी क्रमांकासोबत) तारीख-वेळ सांगता येते, आणि अर्जाला आलेखाची प्रिंट जोडता येते.

चंदगड-कोल्हापूरकडचे पाहुणे सांगतात की स्मार्ट मीटरवाल्यांना दिवसा सवलत मिळते. ती महाराष्ट्रातली गोष्ट. महावितरणच्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेत युनिटमागे ८० पैशांपासून सवलत १ जुलै २०२५ पासून आहे. आपल्या घरगुती बिलात वेळेनुसार दर नाही. म्हणून इस्त्री, वॉशिंग मशीन दुपारी लावून इथे एक पैसाही वाचत नाही. त्यासाठी हा मीटर घेऊ नका.

छपरावर सोलर पॅनेल बसवणार असाल तर दोन्ही दिशांची युनिटे वेगळी मोजणारा मीटर घ्या. साधा डबा ग्रिडला गेलेली वीजही वापरात मिळवतो.

भाडेकरूंसाठी उपमीटर म्हणून हा डबा लावणाऱ्यांनी एक बघावे. एकाच आरआर नंबरवर खाली-वर दोन कुटुंबे असली तर २०० ची मोजणी दोघांची मिळून होते, आणि १२० अधिक ९० झाले की दोघांचेही मोफत जाते. भाडेकरूला स्वतःच्या आधारने गृहज्योतीत नाव घालता येते, पण त्यासाठी त्याच्या घराला वेगळी जोडणी लागते. डब्यावर खर्च करण्याआधी सेक्शन ऑफिसात दुसऱ्या जोडणीचा अर्ज द्या, आणि ती देताना वरची न्यूट्रल मीटरपासूनच वेगळी ओढून घ्या.