फ्युचरामा की रिक अँड मॉर्टी: विडंबनाच्या अंगाने

विज्ञानकथेची टर उडवणारी एखादीच ॲनिमेशन मालिका पाहण्याइतका वेळ हाताशी असेल, तर निवड बहुतेक वेळा ‘फ्युचरामा’ आणि ‘रिक अँड मॉर्टी’ या दोघींपाशी येऊन अडते. दोन्ही मालिका मोठ्यांसाठी आहेत आणि वाचकाला दोन्हींची तोंडओळख असेल असे मी धरून चालतो, त्यामुळे सविस्तर पात्रपरिचय आणि हंगामांचा हिशेब येथे मांडत नाही. मी दोन्ही पाहिल्या आहेत, आणि त्यांतली एक अजूनही अधूनमधून काढून पाहतो. प्रश्न एवढाच आहे की चित्रपट, दूरचित्रवाणी आणि जाहिराती यांचे जे असंख्य संदर्भ या मालिकांत पेरलेले असतात, ते ज्यांनी मूळ कलाकृती कधी पाहिलीच नाही अशा आपल्यासारख्या प्रेक्षकापर्यंत कसे आणि कितपत पोहोचतात.

दोघींचा जन्मच विडंबनातून झाला, पण निराळ्या प्रकारे. शास्त्रज्ञ आजोबा रिक आणि नातू मॉर्टी यांची ‘रिक अँड मॉर्टी’ 2013 साली ॲडल्ट स्विम या अमेरिकी वाहिनीवर सुरू झाली असली तरी तिचे मूळ तिचे सहनिर्माते जस्टिन रॉयलंड यांनी 2006 साली केलेल्या एका छोट्या आणि बऱ्यापैकी अश्लील फितीत आहे, आणि ती फीत ‘बॅक टू द फ्युचर’ या एकाच चित्रपटातील डॉक्टर आणि मुलगा यांच्या जोडीची थेट नक्कल होती. मॅट ग्रेनिंग यांनी डेव्हिड एक्स. कोहेन यांच्या साथीने घडवलेली ‘फ्युचरामा’ 1999 साली फॉक्स या अमेरिकी वाहिनीवर आली. तिचे नाव मात्र 1939 च्या न्यूयॉर्क जागतिक मेळ्यातील जनरल मोटर्सच्या त्या दालनावरून घेतलेले आहे, जेथे लोकांना उद्याचे शहर दाखवले जात होते. एकीच्या पाठीशी एक चित्रपट आणि दुसरीच्या पाठीशी विसाव्या शतकाने भविष्याविषयी केलेल्या साऱ्या कल्पना, हा फरक पुढेही कुठे ना कुठे जाणवत राहतो.

‘रिक अँड मॉर्टी’च्या बाजूने बोलायचे तर ‘टोटल रिकॉल’ हा 2015 मधील भाग पुरेसा आहे. नाव एका जुन्या विज्ञानपटावरून घेतलेले असले तरी थट्टा त्या चित्रपटाची नाही. अमेरिकी विनोदी मालिकांत एक आळशी प्रकार असे: पात्रे दिवाणखान्यात बसून ‘आठवतं का, तेव्हा आपण’ असे म्हणत, आणि जुन्या भागांचे तुकडे जोडून नवा भाग उरकला जाई. येथे घरात परजीवी शिरले आहेत आणि ते स्वतःला कुटुंबाच्या जुन्या आठवणींत घुसडून आपली संख्या वाढवतात. पाहता पाहता घर विचित्र मित्र, नातेवाईक आणि पाळीव प्राण्यांनी भरून जाते आणि प्रत्येकाबरोबर घालवलेले सुखाचे क्षण सर्वांना लख्ख आठवतात. त्यातून सुटका कशी होते, तर परजीवींना फक्त चांगल्याच आठवणी निर्माण करता येतात हे मॉर्टीच्या लक्षात येते, तेव्हा ज्याच्याविषयी एखादी तरी वाईट आठवण आहे तोच खरा. आधी कधीही न दिसलेला एक पिवळा, लांबुळका मित्र या भागाच्या शीर्षकचित्रांतही घुसवलेला आहे, त्यामुळे प्रेक्षकही त्याला परजीवीच समजतो, आणि शेवटी तोच खरा निघतो. विडंबन, रहस्य आणि घरातल्या नात्यांविषयीचे एक कडू निरीक्षण अशा तीन गोष्टी वीस-बावीस मिनिटांत इतक्या घट्ट बसलेल्या मी फारशा पाहिलेल्या नाहीत. निवड या एका भागावर करायची असती तर हा लेख येथेच संपला असता.

मला जी गोष्ट खुपली ती अन्यत्र आहे. या मालिकेतील पात्रे आपण कोणत्या चित्रपटाची नक्कल करत आहोत हे स्वतःच तोंडाने सांगतात. पहिल्याच हंगामातील ‘लॉनमोवर डॉग’मध्ये रिक आणि मॉर्टी गणिताच्या शिक्षकाच्या स्वप्नात शिरतात, त्या स्वप्नातील पात्राच्या स्वप्नात, आणि मग आणखी खाली. हे ‘इन्सेप्शन’ आहे हे कुणीही ओळखेल, तरीही रिक त्याचे नाव घेतो आणि वर असे सुचवतो की हे गोंधळाचे आणि मूर्खपणाचे वाटत असेल तर सगळ्यांचा तो लाडका चित्रपटही तसाच आहे. त्याच भागात बोटांना लहान तलवारी असलेला एक भयपटातला खलनायक येतो, तर ऐंशीच्या दशकातील एका पात्राची ही कायद्याच्या कचाट्यात न सापडणारी नक्कल दिसते, असेही रिकच म्हणतो. पहिल्यांदा मी मोठ्याने हसलो, कारण निर्मात्यांनी आपली चोरी स्वतःच उघड करणे हे तेव्हा ताजे होते. परंतु भागामागून भाग हीच लकब येत राहिली की कपाळावर आठी पडते. ओळखण्याचा आनंद प्रेक्षकाचा असतो. तो हातात येण्याआधीच कुणी उत्तर सांगून टाकले तर उरते ती केवळ खातरजमा.

याचा त्रास मूळ कलाकृती न पाहिलेल्या माणसाला जास्त होतो, हे माझ्या पुतणीबरोबर पाहताना ध्यानात आले. तिने ‘इन्सेप्शन’ पाहिलेला नव्हता. स्वप्नातले स्वप्न ही कल्पना तिला सहज समजली होती आणि ती हसतही होती, पण रिकने चित्रपटाचे नाव घेताच तिने मालिका थांबवली आणि विचारले, “काका, आधी तो बघावा लागेल का?” तसे काही नसते, पण नाव घेतल्यामुळे तसे वाटते. संवाद सुचतील तसे म्हटलेले, ढेकरांनी तुटणारे आणि अतिशय वेगवान असल्याने इंग्रजी उपशीर्षकांवाचून निम्मे हातून निसटतात, ही अडचण वेगळीच.

न्यायाने बोलायचे तर ही लकब नकळत शिरलेली नाही. रिकने प्रत्येक विश्व आणि प्रत्येक कथा आधीच पाहिलेली आहे, त्याला सगळ्याचा कंटाळा आलेला आहे, आणि संदर्भाचे नाव घेऊन तो झटकून टाकणे हा त्याच्या स्वभावाचाच भाग आहे. ‘नेव्हर रिकिंग मॉर्टी’ या 2020 मधील भागात तर कथा रचण्याचे तंत्रच एका आगगाडीच्या रूपाने समोर ठेवलेले आहे. मालिकेचे दुसरे सहनिर्माते डॅन हार्मन यांचे कथाचक्र, म्हणजे कथा वर्तुळासारख्या टप्प्यांत रचण्याची पद्धत, ज्यांना ठाऊक आहे त्यांना तो भाग मेजवानी वाटेल. मला तो हुशार वाटला आणि थोडा दमवणाराही. नाव घेतलेला संदर्भ घोषणा कसा होतो याचे टोकाचे उदाहरण मालिकेबाहेर घडले. ‘मुलान’ या चित्रपटाच्या निमित्ताने 1998 साली मॅकडॉनल्ड्सने काही काळ दिलेल्या सेशुआन सॉसचा रिकने 2017 मध्ये एका भागात धोशा लावला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कंपनीने तो थोड्या प्रमाणात परत आणला तेव्हा अमेरिकेत दुकानांबाहेर रांगा लागल्या आणि सॉस न मिळालेल्यांनी काही ठिकाणी आरडाओरडा केला. भागात मात्र सॉसविषयी विनोद असा फारसा नव्हताच, फक्त नाव होते.

‘फ्युचरामा’ची रीत मला अधिक पटते. तिचा नायक फ्राय 1999 च्या शेवटच्या रात्री गोठतो आणि हजार वर्षांनी जागा होतो, त्यामुळे विसाव्या शतकाची लोकप्रिय संस्कृती नीट आठवणारा तो एकटाच उरतो आणि भोवतालच्या जगाने ती पार उलटीपालटी करून ठेवलेली असते. दुसऱ्याच भागात चंद्रावर एक करमणूक उद्यान आहे. चंद्रावर माणूस प्रथम कसा गेला हे कुणालाच आठवत नाही, म्हणून तेथील यांत्रिक बाहुल्या चंद्रावरच्या व्हेल शिकाऱ्यांचे गाणे गातात. पन्नाशीच्या दशकातील ‘द हनीमूनर्स’ या मालिकेतला नवरा बायकोला चंद्रावर धाडण्याची धमकी देत असे, तर त्यालाच तेथे अंतराळप्रवासाचा आद्य पुरुष मानले गेले आहे. मी ती मालिका कधी पाहिली नाही आणि आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेली नसेल, पण इतिहासाचे असे कडबोळे होताना आपण रोज पाहतो, त्यामुळे विनोदाला कुणाची शिफारस लागत नाही.

याहून नेमका नमुना म्हणजे 1999 मधलाच ‘व्हेन एलियन्स अटॅक’. पिझ्झा पोहोचवायला गेलेला फ्राय फॉक्सच्याच न्यूयॉर्क केंद्रात यंत्रावर बिअर सांडतो आणि एका वकील तरुणीच्या मालिकेचे प्रक्षेपण ऐन भरात तुटते. हजार प्रकाशवर्षे दूर असलेल्या ग्रहावर तो संकेत हजार वर्षांनीच पोहोचणार, आणि तसाच पोहोचतो. पुढे काय झाले ते दाखवा, नाहीतर पृथ्वी नष्ट करू, असे म्हणत तेथील राजा ताफ्यासह दाखल होतो. विडंबन उघडच ‘ॲली मॅकबील’ या तेव्हाच्या अमेरिकी मालिकेचे आहे, पण ते नाव कुणी उच्चारत नाही. फ्राय आणि मंडळी तो भाग स्वतः रंगवू लागतात, संहिता अपुरी पडते, आणि फ्रायची सहकारी लीला आपल्या मनाने न्यायाधीशालाच लग्नाची मागणी घालते, तेव्हा फ्राय घाबरतो. दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकाला काहीही नवे नको असते, शेवटी सगळे जसेच्या तसे झाले पाहिजे, हे त्याचे म्हणणे. आणि तसे केल्यावर परग्रहवासी खरोखरच समाधानाने परत जातात. वर्षानुवर्षे दैनंदिन मालिका पाहणाऱ्या मराठी घराला यात काय समजावून सांगायचे? ‘ऑल माय सर्किट्स’ ही मालिकेतली यंत्रमानवांची रडकी मालिकाही तशीच थेट भिडते. अत्र्यांची ‘झेंडूची फुले’ 1925 साली आली; ज्या कवितांची त्यांत टिंगल आहे त्या आज फारशा कुणी उघडत नाही, पण ‘झेंडूची फुले’ अजून वाचली जातात. विडंबन मूळ कृतीवाचून उभे राहते की नाही याची ही जुनी कसोटी लावली तर ‘फ्युचरामा’ अधिक वेळा उतरते, निदान माझ्या घरात तरी.

नाव घेणे ‘फ्युचरामा’लाही सर्वस्वी वर्ज्य नाही. ‘स्टार ट्रेक’ या जुन्या अंतराळमालिकेवरच्या 2002 मधील भागात मूळ संचातील विल्यम शॅटनर, लिओनार्ड निमॉय, निशेल निकोल्स, जॉर्ज टाकेई आणि वॉल्टर कोनिग यांनी स्वतःला आवाज दिला आहे आणि मूळच्या 79 भागांची गोष्ट संवादातच येते. पण तेथे ‘स्टार ट्रेक’ हाच कथेचा विषय आहे: तिचा पुढे धर्म झाला, मग तिच्यावर बंदी आली, आणि मग एक ऊर्जारूपी चाहता त्या नटांना पकडून स्वतः लिहिलेली संहिता वाचायला लावतो. ज्याला हे सर्व परके आहे त्याने झॅप ब्रॅनिगनकडे पाहावे. अंगात धमक नसलेला, पोट सुटलेला आणि स्वतःवरच लुब्ध असा हा कप्तान त्याच मालिकेतील नायकाचे व्यंगचित्र आहे, आणि हे ठाऊक नसताना माझी पुतणी त्याच्यावर सर्वांत जास्त हसली.

गणिताचे संदर्भ आपल्या जवळचे आहेत. कोहेन हे पदार्थविज्ञानाचे पदवीधर आणि लेखक केन कीलर हे उपयोजित गणितातले डॉक्टरेट, त्यामुळे झॅपच्या जहाजावर 1729 हा आकडा दिसतो आणि यंत्रमानव बेंडर हा त्याच्या आईचा 1729 क्रमांकाचा मुलगा असतो. दोन घनांच्या बेरजेच्या रूपात दोन रीतींनी मांडता येणारी ही सर्वांत लहान संख्या; गणिती रामानुजन आणि हार्डी यांची टॅक्सीच्या क्रमांकाची गोष्ट शाळेत ऐकलेल्या माणसाला ती लगेच दिसते, इतरांचे काही अडत नाही. एका प्रसंगात बेंडर आणि त्याच्यासारखाच दुसरा यंत्रमानव एकमेकांचे क्रमांक, 2716057 आणि 3370318, ऐकून खदखदून हसतात. फ्राय म्हणतो की मला कळले नाही, आणि बेंडर सांगतो की आम्ही दोघेही दोन घनांच्या बेरजेच्या रूपात मांडता येतो. कागद घेऊन बसलो तर ते खरे निघते, फक्त बेंडरसाठी 952 च्या घनात उणे 951 चा घन मिळवावा लागतो. मला येथे महत्त्वाचे वाटते ते हे की न समजलेला माणूस पडद्यावरच हजर आहे आणि प्रेक्षक त्याच्या शेजारी बसलेला आहे. ‘रिक अँड मॉर्टी’त ज्याला समजत नाही तो मॉर्टी असतो आणि त्याला रिकची बोलणी खावी लागतात.

‘फ्युचरामा’चे तोटेही सांगितले पाहिजेत. बरण्यांत ठेवलेली प्रसिद्ध व्यक्तींची मुंडकी हा तिचा ठरलेला विनोद आहे, आणि अमेरिकेचे माजी अध्यक्ष निक्सन वगळता त्यांतली पुष्कळशी आता शिळी झाली आहेत. पार्श्वभूमीवरील पाट्या आणि परग्रही लिपीतले मजकूर मोबाइलच्या पडद्यावर दिसतच नाहीत. 2023 पासून हुलू या ऑनलाइन प्रसारण सेवेसाठी केलेल्या नव्या भागांत लस, आभासी चलन, ऑनलाइन मालिका अशा बातम्यांचा पाठलाग आहे, आणि तेथे विडंबन मला विषयाच्या मागे धापा टाकत चालल्यासारखे वाटले. ताजेपणा हीच अट असेल तर ‘रिक अँड मॉर्टी’चा पहिल्या तीन हंगामांतील वेग तिला पुरून उरतो.

म्हणून गेल्या तीस-चाळीस वर्षांतले हॉलिवूड ज्याला तोंडपाठ आहे आणि संदर्भाचे नाव कानावर पडले की ज्याला आपण त्या टोळीतले आहोत असे वाटून बरे वाटते, त्याने ‘रिक अँड मॉर्टी’ घ्यावी. त्याचा वेळ वाया जाणार नाही, आणि ‘टोटल रिकॉल’ तर प्रत्येकाने पाहावाच. ज्याचा तेवढा अभ्यास नाही, किंवा ज्याच्यासोबत असे कुणी बसणार आहे, त्याने ‘फ्युचरामा’ पहिल्या हंगामापासून क्रमाने, शक्य तर दूरचित्रवाणीच्या मोठ्या पडद्यावर पाहावी. ‘व्हेन एलियन्स अटॅक’ त्या ओघात लवकरच येतो, आणि तोपर्यंत मन रमले नाही तर मालिका खुशाल सोडून द्यावी. ‘स्टार ट्रेक’चा भाग मात्र मूळ मालिकेतले दोन-तीन भाग पाहून झाल्यावर घ्यावा, आणि 2023 नंतरचे भाग सर्वांत शेवटी.