ब्लोअर आणि शाम्पूचं पाणी: आठ महिन्यांचा अनुभव

फेब्रुवारीत मी ५०० वॅटचा छोटा ब्लोअर घेतला, तो कॉम्प्युटरमधली धूळ उडवायला. आता तो जास्त वेळ गाडीखालीच असतो, इंजिनपासून सायलेन्सरपर्यंतच्या धुराच्या नळीतली गळती शोधायला.

गाडी २०१२ची पेट्रोल हॅचबॅक, आणि आम्ही रत्नागिरीत, म्हणजे खारं वारं बाराही महिने. सकाळी स्टार्ट केली की पुढून टिकटिक यायची आणि चार-पाच मिनिटांत थांबायची. एका गॅरेजने मागचा सायलेन्सरच बदलला. आवाज होता तसाच राहिला. त्यात मागच्या सीटवर बसलं की आईचं डोकं जड व्हायचं, म्हणून मला स्वस्थ बसवेना. गळतीतून धूर गाडीत शिरत असला तर? धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, नाकावर भरवसा ठेवून चालत नाही.

मी करतो ते असं. गाडी रात्रभर थंड होऊ देतो. सपाट जागा, चाकांना अडण्या, जॅकच्या जोडीला स्टँड. नुसत्या जॅकवर मी कधीच खाली शिरत नाही. इंजिन बंद. ब्लोअरचं तोंड मागच्या नळीत घालून भोवती ओलं फडकं गुंडाळतो. मग बाटलीतलं शाम्पूचं पाणी एकेका जोडावर फवारतो. जिथे फट, तिथे फेस फुगतो.

पहिल्याच दिवशी सायलेन्सरच्या तळाशी फेसाचा गोळा आला आणि नवा भागही फुटका निघाला म्हणून मी संतापलो. नंतर कळलं, ते बारीक भोक मुद्दाम ठेवलेलं असतं, आत साचणारं पाणी निघून जायला. ते बुजवू नका, सायलेन्सर आतून कुजेल.

खरी गळती मॅनिफोल्ड (इंजिनमधून निघणारा धूर गोळा करणारा भाग) आणि पुढच्या पाइपच्या जोडाला होती. तिथे काजळीची काळी रेघही होती, मी आधी पाहिलीच नव्हती. टिकटिक गरम झाल्यावर का थांबायची तेही उलगडलं: धातू प्रसरण पावून फट मिटत होती. जोडात बसणारं गॅस्केट (फट बुजवणारी चकती) बदललं, आवाज गेला, आणि शहरात लिटरला १३ देणारी गाडी १५वर आली. धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरच्या आधी फट असली की बाहेरची हवा आत खेचली जाते, सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, आणि इंजिन जास्तीचं ओततं.

उणिवाही आहेत. पुढून वाट बंद असल्याने ब्लोअर लवकर तापतो. मी मिनिटभर चालवून थांबतो. फ्लेक्स पाइपच्या (धुराच्या नळीतला लवचिक तुकडा) जाळीतून सगळीकडून फेस येतो, नेमकी चीर सापडत नाही. जूनमध्ये तो पाइप कापून नवा वेल्ड करून घ्यावा लागला (वेल्डिंगआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायला सांगा). आणि गरम झाल्यावरच उघडणारी चीर असेल, तर ही थंड तपासणी ती दाखवत नाही. तिथे काजळीच शोधावी लागते. पाणी मारताना सेन्सरचा कनेक्टर तेवढा प्लास्टिकने झाका.

आईचं डोकं आता दुखत नाही. तरी दर दोन महिन्यांनी तपासतो. गेल्या रविवारी मागच्या क्लॅम्पपाशी एकच बुडबुडा दिसला. नट अर्धा आटा आवळला, पुन्हा फवारलं. काही आलं नाही.