टेनिस एल्बो: चोळून घ्यायचं, दाबून घ्यायचं की सरकवून?

२००५ मध्ये सचिनच्या कोपरावर लंडनला शस्त्रक्रिया झाली आणि ‘टेनिस एल्बो’ हा शब्द आपल्याकडे घरोघरी पोचला. प्रत्यक्षात हे दुखणं बॅटपेक्षा ओला टॉवेल पिळताना आणि चहाचं पातेलं उचलतानाच जास्त कळ देतं. फिजिओथेरपिस्टकडे गेलात की हाताने करायचे तीन उपचार कानावर येतात.

पहिला सिरिॲक्स या इंग्रज डॉक्टरांचा. कोपराच्या बाहेरच्या हाडाला स्नायूची दोरी जिथे चिकटते, नेमकं तिथे आडवं चोळायचं, साधारण दहा मिनिटं. सुरुवातीला डोळ्यांत पाणी येतं, मग जागा बधिरते. त्यानंतर कोपर सरळ करून एक झटका. आठवड्यातून तीनदा, चार आठवडे. म्हणजे बारा खेपा. कोपर पूर्ण सरळ होत नसेल तर हा झटका देऊ देऊ नका. नुसत्या आडव्या चोळण्याने गुण येतो याला ठोस पुरावा मिळालेला नाही.

दुसरा मायोफेशियल रिलीज: पुढच्या हातावर, म्हणजे कोपर ते मनगट, संथ, खोल दाब. घेताना बरा वाटतो. केरळमधल्या संशोधकांनी संगणकावर काम करणाऱ्यांवर तो करून पाहिला, निकाल चांगला आला. पण तुलना होती अल्ट्रासाउंड यंत्राच्या लुटुपुटूच्या उपचाराशी, खऱ्या उपचाराशी नव्हे, हे विसरू नका.

तिसरा न्यूझीलंडचे फिजिओथेरपिस्ट मुलिगन यांचा, आणि माझा कौल यालाच. थेरपिस्ट पुढचा हात बाजूला सरकवून धरतो, तुम्ही मूठ आवळता. कळ त्याच क्षणी कमी व्हायला हवी. नाही झाली तर दिशा बदलायची, तरीही नाही तर सोडून द्यायचं. बारा खेपांचे पैसे भरण्याआधी पहिल्याच दिवशी उत्तर मिळतं, हे मला फार आवडतं. २००६ च्या ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात १९८ रुग्ण होते. सहा आठवड्यांनी स्टिरॉइडचं इंजेक्शन पुढे होतं, वर्षभराने मात्र ते मुलिगन आणि व्यायाम घेणाऱ्यांच्या मागे पडलं. खरं सांगायचं तर, काहीच न करता थांबलेलेही वर्षभराने जवळजवळ तितकेच बरे होते!

तरी रोजचं काम वर्षभर थांबत नाही. कुठलाही उपचार घ्या, पहिल्याच भेटीत विचारा, ‘घरी व्यायाम कोणता?’ उत्तर ‘गरज नाही’ असं आलं तर दुसरा दवाखाना बघा. आणि बोटांना मुंग्या येत असतील किंवा मान आखडत असेल, तर कोपर चोळून घेण्याआधी मान तपासून घ्या.