जुन्या इकोत राहताना: पेट्रोल, ऊन आणि मुक्काम

घरभाडं वाचेल म्हणून व्हॅनमध्ये राहायचं मनात असेल, तर आधी पेट्रोलचा हिशोब मांडा. माझी मारुती इको व्हॅन सामानासकट घाटरस्त्यांवर लिटरला 14-15 किलोमीटर देते, म्हणजे किलोमीटरला साधारण 7 रुपये. रोज 100 किलोमीटर फिरलं तर महिन्याला 21,000 रुपये पेट्रोलमध्येच गेले. तेवढ्यात पुण्यात खोली मिळते. स्वस्त पडतं ते एकेका गावात आठ-दहा दिवस थांबलं तरच. दापोली, गुहागर, मग देवगड अशी मी सावकाश खाली उतरत गेले. जेवण, इंधन, रिचार्ज सगळं धरून महिना 12,000च्या आत बसला.

गाडीत कापाकापी अजिबात केली नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीच्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाही, आणि 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. म्हणून प्लायवूडची खाट सुटी, खालचे डबे सुटे, सौर पॅनेलसुद्धा थांबल्यावर बाहेर काढून उन्हात ठेवायचं. नाक्यावर अडवलं तर दाखवायला सोपं जातं.

विजेबद्दल मी पूर्ण समाधानी आहे. 12.8 व्होल्ट, 100 अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी म्हणजे जेमतेम सव्वा युनिट, पण 25 वॅटचा पंखा रात्रभर चालला तरी 0.2 युनिटच खातो. लॅपटॉप, फोन, दिवा धरून दोन दिवस निघतात. इंडक्शनचा विचार मात्र सोडा. मी 5 किलोचा ‘छोटू’ सिलिंडर वापरते, ओळखपत्र दाखवलं की मिळतो, घरच्या पत्त्याचा पुरावा लागत नाही. स्वयंपाक मागचं दार सताड उघडून. बंद गाडीत शेगडी कधीच पेटवू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. गोव्यात पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक केल्यास दंड होतो, तिथे खानावळच बरी.

सगळ्यात अवघड प्रश्न शौचालयाचा. पेट्रोल पंपावर सोय असते, पण स्वच्छतेचा भरवसा नाही. मोठ्या देवस्थानांची भक्तनिवासं त्या मानाने उत्तम. एक दिवसाची खोली घेतली की अंघोळ, कपडे, चार्जिंग सगळं उरकतं.

मुक्कामाला दिवस मावळायच्या आत पोचायचं आणि सरपंचांना किंवा पोलीस पाटलांना भेटून सांगायचं. एकट्या बाईने तर हे टाळूच नये. देवगडकडे एका काकूंनी रस्त्याकडेला गाडी पाहून सांगितलं, ‘‘हय कित्याक, आमच्या खळ्यात लाव गो.’’ पुढचे कितीतरी दिवस त्यांच्या विहिरीचं पाणी आणि त्यांच्याच हातची उकड्या तांदळाची पेज. हे सुख कुठल्याही हॉटेलात मिळालं नसतं, म्हणून मला ही राहणी मनापासून आवडली.

एप्रिलमध्ये किनाऱ्यावर पत्रा रात्री उशिरापर्यंत तापलेला राहतो, पंखा गरम हवाच फिरवतो. मी आंबोलीला चढले, तिथे झोप लागली. पावसाळ्यात मात्र काहीच इलाज नाही. आतून काचांना पाणी सुटतं, गादीला बुरशीचा वास येतो, पॅनेल निम्मंही भरत नाही. जून ते सप्टेंबर कोल्हापुरात खोली घेतली आहे, भाडं 5,000. वर्षाचा हिशोब करताना हे चार महिने धरूनच करा.